सर्जेरावांची बावीस लिव्हरची केबिन

जयपूरच्या झोटवाड्यात कुणालाही खराड्यांचं घर विचारलं, की तो आधी हसायचा आणि मग पत्ता सांगायचा. ‘वो पुराने कंप्यूटरवाले अंकल? आटा चक्की के बगल में.’ गिरणीशेजारी दुमजली घर, खाली भाडेकरू, वर सर्जेराव खराडे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातले निवृत्त इन्स्पेक्टर, मूळ मिरजेचे. मिरज सोडून पस्तीस वर्षं झाली होती, पण भाजीवाल्याशी हिंदी बोलतानाही वाक्याच्या शेवटी ‘की’ लागायचाच. ‘भैया, थोडा धनिया डालो की!’ भाजीवालाही आता त्यांच्याशी तसंच बोलायचा.

लोक हसायचे ते त्यांच्या संगणकाला. हे २००४ साल. सर्जेरावांचा मुलगा अमेय जगतपुऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, त्याच्या खोलीत चांगला नवा संगणक. आणि वडील मात्र बैठकीत टीव्हीसमोर मांडी घालून एका काळ्या पाटीवर बोटं आपटत बसलेले. तो संगणक मेहुण्याने १९८७ साली बहारीनहून आणला होता. खरं तर मंदाकिनीबाईंनी भावाला मिक्सर आणायला सांगितलं होतं. भावाने मिक्सरऐवजी हे आणलं, दाजी खूश झाले, आणि बहिणीने पुढची दोन वर्षं चटणी पाट्यावर वाटली. ती चटणी वाटताना त्या काय काय बोलल्या हे शेजारच्यांनी ऐकलेलं आहे, इथे लिहिण्यासारखं नाही.

तो संगणक अख्खा कीबोर्डातच मावलेला. पडदा नाही, टीव्हीला जोडायचा. काम जपून ठेवायचं तर टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवर घ्यायचं. कॅसेटला नऊ मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ टेपरेकॉर्डर दुखणाईत मांजरासारखा ओरडायचा. म्हणून बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली होती. संगणकाच्या स्मृतीचा अर्धा भाग डिस्क असल्याचं सोंग घ्यायचा. रॅम डिस्क म्हणायचे तिला. हुकूम दिला की पापणी लवायच्या आत काम तिच्यात जाऊन बसायचं, मागितलं की तितक्याच चटकन परत मिळायचं. खोड एकच. वीज तुटली की पोटातलं सगळं साफ.

आणि त्या उन्हाळ्यात टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता. जयंती मार्केटमधले सगळे दुकानदार मान हलवून झाले. तेव्हा सर्जेरावांचं सगळं काम त्या रॅम डिस्कमध्ये, म्हणजे एका लाल दिव्याच्या बटणावर, टांगलेलं होतं.

काम कसलं, तर केबिनचं.

फुलेऱ्याच्या बाजूला एक लहान स्टेशन होतं, मीटर गेजच्या काळातलं. नाव सांगून उपयोग नाही, कुणी उतरत नसे. त्या स्टेशनच्या केबिनमध्ये बावीस लिव्हर एका ओळीत उभे असत. कुठला लिव्हर रूळ वळवी, कुठला सिग्नल पाडी. त्यांच्यात अशी आतून कुलपं असत, की बाजूच्या लूप लाइनला रूळ वळवले असतील तर मेन लाइनचा सिग्नल ओढूच जात नाही. माणूस चुकला तरी लोखंड चुकू देत नाही. त्या केबिनचे राजे होते बापू गवई, अकोल्याचे. पस्तीस वर्षं केबिनमन, आणि पस्तीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही चूक नोंदलेली नाही. रूळ रुंद करायचे ठरले तेव्हा केबिन निघाली. काढून टाकण्याच्या कागदावर सही होती इन्स्पेक्टर स. ग. खराडे यांची.

मराठी मंडळात तेव्हा फार कुजबूज झाली होती. बापू म्हणे दोन वर्षं सर्जेरावांशी बोलले नाहीत. गणपतीत एकाच पंगतीला आले तर बापू ताट घेऊन पलीकडे गेले, असं मंडळाच्या सुधाताई अजून शपथेवर सांगतात. सुधाताई त्या वर्षी जयपुरात नव्हत्या हे सोडून द्या. एवढं खरं, की नंतर बापूंची बायको गेली, सर्जेराव चार दिवस त्यांच्या क्वार्टरवर राहिले, आणि त्यानंतर दर सोमवारी आणि गुरुवारी बापू झोटवाड्याला चहाला येऊ लागले.

त्या मार्चमध्ये बापूंनी बशी खाली ठेवत सांगितलं, ‘साहेब, पोरीनं तिकीट काढलं. पंध्रा जूनले मी अकोल्याले जाऊन रायलो. कायमचा.’

सर्जेरावांनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. बापूच पुढे म्हणाले, ‘एक वाटते. थ्या केबिनीत कोन्ता लिव्हर कोन्त्याले धरते, हे आता कोनाले म्हाईत? मी गेलो की गेलं.’

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर सर्जेरावांनी माळ्यावरून तो काळा संगणक काढला. टीव्हीच्या पडद्यावर बावीस लिव्हरची केबिन उभी करायची, आकडा दाबला की लिव्हर ओढला जावा, चुकीचा असेल तर हलू नये, गाड्या याव्यात, घंटा वाजाव्यात. आणि बापू जायच्या आत बापूंनी ती स्वतः चालवून ‘बरोबर हाय’ म्हणावं. पंधरा जूनच्या आत. झालं, एवढंच.

अमेय म्हणाला, ‘बाबा, माझ्या पीसीवर करा ना. मतलब, हे तर म्यूझियम पीस आहे.’

‘तुझ्या पीसीत मला दार कुठं आहे ते सापडत नाही. ह्याच्यात मी डोळे मिटून फिरतो.’

अडचण निराळीच निघाली. बापूंना तोंडाने सांगता येईना. ‘अकरा ओढला तर कोणता अडतो?’ असं विचारलं की बापू छताकडे बघत बसत. मग एकदा ते वैतागून उठले, खिशातून रुमाल काढून उजव्या तळव्यात धरला, जसा केबिनमन लोखंडाची पकड घट्ट बसावी म्हणून धरतो, आणि हवेतला लिव्हर ओढू लागले. ‘हा आकरा. आता चवदा... नाई येत. पाहा, नाई येत!’ हात खरोखरच अडला. डोक्याला ठाऊक नव्हतं ते हाताला ठाऊक होतं. तेव्हापासून बापू भिंतीकडे तोंड करून हवेत लिव्हर ओढत, आणि सर्जेराव मागे बसून टाइप करत. समोरच्या गच्चीवरची पोरं हा खेळ बघायला जमू लागली. त्यांचं एकमत होतं की मोठे अंकल छोट्या अंकलना योगासनं शिकवतात.

टीव्ही सर्जेरावांच्या ताब्यात तीन ते पावणेपाच. पाच वाजता मंदाकिनीबाईंची मालिका, तेव्हा तह मोडायची प्राज्ञा नव्हती. पावणेपाचला सगळं रॅम डिस्कमध्ये ठेवायचं, संगणक चालूच ठेवायचा, आणि स्कूटरवरून बापूंना बसथांब्यावर सोडून भाजी घेऊन यायचं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सर्जेरावांनी टीव्ही लावला, तर केबिनच्या जागी संगणकाची सुरुवातीची यादी. रॅम डिस्क रिकामी. सगळी कुलपं गेली.

सर्जेराव खचले नाहीत, उलट तरतरीत झाले. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी एक बिघाड मिळाला होता! जुनी वही काढली, रकाने आखले: तारीख, वेळ, लक्षण, उपाय. पहिला संशय विजेवर. पण स्वयंपाकघरातल्या विजेच्या घड्याळाला वीज जाऊन आली की बारावर लुकलुकायची सवय, ते तर मुकाट बरोबर वेळ दाखवत होतं. तरी त्यांनी बॅटरीचा डबा आणून बटणांच्या बोर्डामागे, येणाऱ्या वायरीवर जोडला. त्याच आठवड्यात शुक्रवारी डिस्क पुन्हा रिकामी. मग उष्णता. बाहेर लू चालू होती, संगणकाची वीजपेटी चहाच्या पातेल्याइतकी तापायची. ती त्यांनी उपड्या परातीवर ठेवली आणि कूलर तिच्याकडे वळवला. घरातली माणसं घामाने निथळत होती आणि वीजपेटी शिमल्याला गेल्यासारखी गार. अमेयच्या खोडरबराने जोडणीचे पितळी दात घासून लख्ख केले. तरी मंगळवारी डिस्क रिकामी.

मग त्यांनी मशीनची परीक्षा घेतली. रॅम डिस्क एकाच अक्षराने काठोकाठ भरली आणि दर तासाला वाचून पाहिली. शुक्रवार, शनिवार, रविवार. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

‘मशीन सरळ आहे,’ सर्जेराव वही मिटत म्हणाले. ‘मग माणूस बघायला पाहिजे.’

घरात माणूस म्हणजे कोण ते मंदाकिनीबाईंना लगेच कळलं. ‘माझ्याकडे कशाला बघताय?’

‘तू काही बंद करतेस का?’

‘मी एकही बटण बंद करत नाही. देवाशपथ.’

सिग्नल खात्यात एक पक्का नियम असतो. यंत्राला हात लावायच्या आधी लेखी मेमो द्यायचा, कारण लिहायचं, स्टेशनमास्तरची सही घ्यायची. सर्जेरावांनी तो नियम घरात लागू केला. संगणकाजवळ जायचं तर मेमो. मंदाकिनीबाईंनी पहिला मेमो त्याच दिवशी भरला. कारण: ‘धूळ. भयंकर धूळ.’ दुसऱ्यात कारण: ‘झुरळ मेमो न देता आत गेलं आहे, त्याला बोलावते.’ तिसऱ्या मेमोवर चहाच्या कपाचा डाग होता आणि कारणाच्या रकान्यात फक्त ‘कंटाळा’.

मे उजाडला. तिकिटाची तारीख जवळ येत होती, आणि बापूंना तीच कुलपं पुन्हा पुन्हा हवेत ओढावी लागत होती. खांदा दुखायचा त्यांचा. बोलत नव्हते, पण बसताना हात धरून बसायचे.

एका दुपारी सर्जेराव वही उलगडून बसले आणि बघता बघता गार पडले. मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. डिस्क रिकामी सापडायची ती नेहमी बापू येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. इतर दिवशी कधीच नाही.

आता माणसाच्या मनात काय काय येतं! ती जुनी सही आली, ती दोन वर्षांची अबोल्याची मुदत आली. सुधाताईंचं पंगतीतलं ताटसुद्धा आलं. बापू मुद्दाम पुसतात? आपण केबिन काढली, म्हणून आता आपल्या हातची केबिन उभी राहू द्यायची नाही? विचार आला आणि सर्जेरावांना स्वतःचीच लाज वाटली. पण गेला नाही तो.

सोमवारी पावणेपाचला ते नेहमीसारखं म्हणाले, ‘बापू, मी स्कूटर काढतो, तुम्ही या सावकाश.’ आणि जिन्यात न जाता पडद्याआड उभे राहिले. पुढे सहा वर्षं ज्या माणसाला ब्लडप्रेशरची गोळी लागली त्याची सुरुवात त्या पडद्यामागे झाली असं मंदाकिनीबाई म्हणतात.

बापूंनी चपला घातल्या. टोपी नीट केली. दारापर्यंत आले, थांबले, वळले. खिशातून रुमाल काढून उजव्या तळव्यात धरला. टीव्हीशेजारच्या बोर्डावर सात बटणं, चालू असलेली खाली झुकलेली. बापूंनी एकेक बटण रुमालाने वर ढकललं. शेवटचं लाल दिव्याचं. मग दोन पावलं मागे जाऊन त्यांनी सगळ्या ओळीवर नजर फिरवली, मान हलवली, आणि रुमाल खिशात घालून निघाले.

सर्जेराव पडद्यामागे तसेच. केबिन सोडताना ओढलेला एकही लिव्हर मागे ठेवायचा नाही, सगळे उभे, सगळे नॉर्मल, हा केबिनमनचा पहिला धडा. पस्तीस वर्षं, रोज, पाळीच्या शेवटी. हात ते करून मोकळा झाला होता, मालकाला पत्ता नव्हता. आणि पाच वाजता मंदाकिनीबाई आल्या, सगळी बटणं बंद दिसली, कुठलं पंख्याचं कुठलं टीव्हीचं या भानगडीत न पडता त्यांनी सातही खाली दाबली आणि मालिका लावली. बंद त्यांनी काहीच केलं नव्हतं. देवाची शपथ अगदी खरी होती.

बसथांब्यावर सर्जेरावांनी सहज विचारल्यासारखं केलं. ‘बापू, निघताना बटणं तुम्ही बंद केलीत काय ओ?’

‘मी? नाई बा. मी काहून हात लावू तुमच्या बटनाले?’ बापू दुखावल्यासारखे झाले. खोटं बोलणारा माणूस इतका सरळ बघत नाही.

घरी मंदाकिनीबाई म्हणाल्या, ‘मग सांगून टाका की त्यांना. त्यात काय एवढं!’

‘पस्तीस वर्षांत एक चूक नाही त्यांच्या नावावर,’ सर्जेराव म्हणाले. ‘जायच्या महिन्यात पहिली मी नोंदवू? दोन महिन्यांचं काम त्यांनीच पुसलं, असं सांगू?’

‘मग तुमच्यासारख्या हुशाराने काहीतरी करावं.’

हुशाराने मंगळवारी सकाळी बोर्ड उघडला. संगणकाची वायर भिंतीतून कपाटामागे नेली आणि तिथे सरळ जोडून टाकली, बटणाशिवाय. लाल दिव्याचं बटण बोर्डावर तसंच राहू दिलं. दाबलं की दिवा लागे, वर केलं की विझे, आणि त्यापलीकडे त्याचा जगाशी काही संबंध उरला नव्हता. गुरुवारी बापूंनी जाताना सातही बटणं नॉर्मल केली. शुक्रवारी सर्जेरावांनी टीव्ही लावला, तर केबिन जागच्या जागी. त्यांनी मंदाकिनीबाईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘छान. आता माझे मेमो फाडा.’

मग काम सरळ चाललं. बापू रोज येऊ लागले. कुलपं झाली, घंटा झाल्या. गाड्यांच्या वेळेवरून भांडण झालं. सर्जेरावांचं म्हणणं, गाडी मिनिटभरात पोचवू, कोण बसतंय बघत? बापू उखडले. ‘मालगाडीले थ्या चढावर अकरा मिन्टं लागत. अकराच लागले पाह्यजे. नाईतर मंग थे केबिन कायले म्हनता, खेळनं म्हना!’ अकरा मिनिटं ठेवली. अमेयने होस्टेलवरच्या कुणाच्या तरी मोडक्या टू-इन-वनमधून पट्टा काढून आणला, तो टेपरेकॉर्डरला घातला, आणि चौदा जूनला नऊ मिनिटं मांजर ओरडून केबिन एकदाची कॅसेटवर गेली.

पंधराला गाडी पाच दहाची. बापू ट्रंक घेऊन दोनलाच झोटवाड्याला आले. मंदाकिनीबाईंनी दशम्या बांधल्या होत्या, सोबत शेंगदाण्याची चटणी, तीही मिक्सरमधली, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. बापू पडद्यासमोर खुर्चीत न बसता उभे राहिले. आकडे दाबायला त्यांनी रुमाल घेतला. सकाळची पॅसेंजर घेतली, सोडली. मेल थांबवली, लूपमध्ये दुसरी घेतली. एकदा मुद्दाम चुकीचा आकडा दाबला. लिव्हर हलला नाही. बापूंनी वळून सर्जेरावांकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

सव्वाचारला खाली रिक्षावाला भोंगा वाजवू लागला.

‘गवईभाऊ, चला,’ मंदाकिनीबाई म्हणाल्या.

‘थांबा वैनी. मालगाडी सेक्शनमंधी हाय.’

‘कुठली मालगाडी?’

‘हे काय!’ पडद्यावर दोन स्टेशनांमधल्या रुळावरून एक पांढरा चौकोन मुंगीच्या पावलांनी सरकत होता. अकरा मिनिटांपैकी तीन झाली होती.

‘अहो, तुमची खरी गाडी जाईल!’

‘गाडी सेक्शनमंधी असतांनी केबिन सोडून कसा येऊ मी?’ बापू शांतपणे म्हणाले. त्यात गंमत नव्हती.

भोंगा पुन्हा वाजला. ‘साहब, स्टेशन जाना है कि नहीं?’ सर्जेराव पुढे आले. ‘बापू, एक आकडा बदलतो. आत्ता पोचवतो गाडी.’

बापूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की सर्जेरावांचा हात मागे गेला. मंदाकिनीबाईंनी कपाळावर हात मारला. ट्रंक जिन्यात, दशम्या हातात, रिक्षावाला खाली शिव्या देतोय, आणि दोन म्हातारे टीव्हीपुढे उभे.

मग सर्जेरावांनी स्टेशनला जायला घातलेला बूट काढून बाजूला ठेवला, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘चार्ज द्या.’

बापू ताठ झाले. ‘डाउन मालगाडी सेक्शनमंधी. मेन लाइनीवर घ्याची. पाच न् नऊ ओढेल हायेत. सिग्नल दिला नाई अजून.’

‘डाउन मालगाडी सेक्शनमध्ये. मेन लाइनवर घ्यायची. पाच आणि नऊ ओढलेले. सिग्नल दिलेला नाही.’

‘बरोबर हाय,’ बापू म्हणाले. त्यांनी सर्जेरावांचा खांदा एकदा दाबला आणि जिना उतरून गेले. स्टेशनवर पोचवायला मंदाकिनीबाई गेल्या. सर्जेरावांना जाता येणार नव्हतं, पाळी त्यांची होती.

सहा वाजता त्या परतल्या, घामाने भिजलेल्या. मालिका बुडाल्याबद्दल पहिलं वाक्य झालं. मग पाणी पिऊन म्हणाल्या, ‘सापडली बाई गाडी. आणि सुटताना खिडकीतून काय म्हणाले माहितेय? येतो नाही, जपा नाही. वैनी, मालगाडी पोचली का, म्हणे!’

‘तू काय सांगितलंस?’

‘पोचली म्हटलं. मला काय ठाऊक! पोचली ना?’

‘पोचली,’ सर्जेराव म्हणाले. ‘सिग्नलला चार मिनिटं उभी राहिली. मी खिडकीत गेलो होतो, रिक्षा वळणापर्यंत दिसते का बघायला.’ आणि थोडं थांबून म्हणाले, ‘पत्रात लिहू नको हं त्यांना.’